गणपतीला गावी गेलं की गाडी चालू होत नाही: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

शिमग्यानंतर पडवीत उभी केलेली जुनी मोटरसायकल गणपतीच्या आदल्या दिवशी बाहेर काढली, की ती खालीलपैकी एखादं नाटक करतेच. तुमच्या गाडीचं कुठलं ते आधी ओळखा. पुढची अर्धी शोधाशोध वाचते.

- किक नेहमीसारखी बसते, पण इंजिनातून साधा ‘फट्’सुद्धा नाही.
- पाच-सहा किकला एकदा ‘फट्’ होतं, सायलेन्सरमधून धूर येतो, परत सगळं शांत.
- चोकवर चालू होते, चोक काढला की बंद पडते.
- चालू होते, किलोमीटर-दोन किलोमीटर जाते, चढावर गुदमरून मरते. दहा मिनिटं बसलात की पुन्हा चालू.
- सेल्फ दाबला की नुसतं ‘टक टक टक’.
- पेट्रोलचा घमघमाट, कार्बोरेटरखाली (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाखाली) ओलं.
- किक हलकी जाते, पायाला काही लागतच नाही. किंवा उलट, दगडासारखी, खाली जातच नाही. (ही शेवटची असेल तर मधलं सगळं सोडून ‘इथे थांबा’ वाचा, आणि तोवर किकवर पाय ठेवू नका.)

बाबांनी १९९९ साली घेतलेली १०० सीसीची चार स्ट्रोक गाडी आमच्या देवरुखकडच्या घरी असते आणि आम्ही डोंबिवलीला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक पाऊस ही गाडी ताडपत्रीखाली उभी राहून ऐकते. गेली बारा-तेरा वर्षं दर चतुर्थीला मी तिच्याशी झटतो. मी मेकॅनिक नाही, पण आता वाडीतल्या इतर चाकरमान्यांच्या गाड्याही माझ्याकडे येतात. “आरतीच्या आधी जरा बघून जा रे” म्हटलं की मी पाना घेऊन निघतो. दहांतल्या आठ गाड्यांत चार-पाचच कारणं असतात.

हे सगळं स्प्लेंडर, सीडी १००, बॉक्सर अशा कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराबाबतचा नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांना यातलं निम्मंही लागू नाही.

सुरुवातीलाच एक: सलग दहापेक्षा जास्त किक मारू नका. गाडी पेटत नसताना मारलेली प्रत्येक किक इंजिनात आणखी पेट्रोल ओढते, ते जळत नाही आणि प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग) भिजवतं. म्हणजे एक बिघाड होता तिथे दोन झाले. वाडीतली पोरं आळीपाळीने अर्धा तास किक मारतात आणि मग मला बोलावतात, तेव्हा मला मूळ दुखणं शोधायच्या आधी त्यांनी केलेलं निस्तरावं लागतं.

आणि पेट्रोलला हात लावण्याआधी गाडी अंगणात घ्या. पडवीच्या एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला विडी ओढत बसलेले आप्पा, मध्ये उघडा कार्बोरेटर, असं करू नका.

फुकटात होणारी तपासणी

टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा आणि आतलं पेट्रोल डोळ्यांनी बघा. काट्यावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीचा काटा कुठेही अडकलेला असतो. पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) चालू करा, पेट्रोल कमी असेल तर रिझर्व्हला. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना? किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) असेल तर तो चार-पाच वेळा इकडून तिकडे करा. आतल्या पट्ट्यांवर गंज धरतो, घासल्याने तो निघतो. चावीचंही तसंच.

चोक बहुतेक जण चुकीचा वापरतात. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची हवा अडवणारी पट्टी. हवा अडली की आत ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. पण ही ओढ अ‍ॅक्सिलरेटर बंद असतानाच नीट लागते. चोक लावून वर अ‍ॅक्सिलरेटर पिळलात तर चोकचा उपयोग संपला. चावी बंद ठेवून, चोक लावून तीन-चार सावकाश किक मारा, मग चावी चालू करून अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता एक पूर्ण, दणदणीत किक. थंड गाडी यात चालू झाली तर पुढचं वाचायची गरज नाही.

सेल्फ ‘टक टक’ करत असेल तर बॅटरी उतरलेली आहे. भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर साधारण १२.६ दाखवतो, बाराच्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी. आधी टोकं बघा. पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडी करा, घट्ट बसवा. पण मेलेली बॅटरी म्हणजे मेलेली गाडी असं नाही. जुन्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत ठिणगीची वीज थेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलवरून येते, बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकने चालू होते. नंतरच्या काही गाड्यांत मात्र ठिणगीही बॅटरीवरच चालते, तिथे बॅटरी चार्ज केल्याशिवाय सगळी मेहनत फुकट. अशा गाडीचा फ्यूजही आधीच बघून घ्या.

भोकं बुजलीत का बघा

हे शहरातल्या मेकॅनिकला पटकन सुचत नाही. कोकणात कुंभारीण नावाची माशी मिळेल त्या भोकात मातीचं घर बांधते. सायलेन्सरचं तोंड, एअर फिल्टरचं नळकांडं, टाकीच्या झाकणातलं बारीक छिद्र, तिला सगळं चालतं. सायलेन्सर बुजला तर धूर बाहेर जाऊ शकत नाही, आणि जुना धूर गेला नाही तर नवी हवा आत येणार कुठून? तोंडाशी बोट घालून बघा, माती लागली तर वाकड्या तारेने काढा. एका वर्षी आम्हाला तिथे माती नाही, कापडाचा बोळा सापडला. कुंभारीण जाऊ नये म्हणून मीच शिमग्याला कोंबला होता.

एअर फिल्टरचं झाकण उघडा. आमच्या गाडीत तिथे एकदा उंदराने नारळाच्या सोडणाचा कीस भरून बाळंतिणीची खोली केली होती. फिल्टरचा फोम हाताला चिकट होऊन तुटत असेल तर तो गेला, नवा घ्या. तोवर फिल्टरशिवाय गाडी फक्त चालू होते का एवढंच बघा. फिल्टरशिवाय मातीच्या रस्त्यावर नेलीत तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

चढावर मरून दहा मिनिटांनी चालू होणारी गाडी असेल तर संशय टाकीच्या झाकणावर. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ते छिद्र बुजलं की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. गाडी बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. ‘स्स्स’ असा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली तर रोग सापडला. टाचणीने छिद्र मोकळं करा. खर्च शून्य. याच लक्षणावर लोकांनी कार्बोरेटर बदललेले मी पाहिले आहेत.

शिळं पेट्रोल

सहा महिने उभ्या गाडीत माझा पहिला संशय हाच असतो. पेट्रोलमधला चटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो, उरलेलं आळशी होतं आणि बारीक छिद्रांत चिकट थर सोडतं. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. झाकणाच्या जुन्या रबरातून पावसाचं पाणी झिरपलं की ते पाणी धरतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. कॉक कुठून पेट्रोल घेतो? तळाकडूनच. म्हणजे वर टाकीभर चांगलं पेट्रोल असलं तरी इंजिनाला पहिला घोट पाण्याचा मिळतो.

कार्बोरेटरच्या वाटीला तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो, खाली बारीक पाइप असतो. पाइपाखाली पारदर्शक बाटली धरा आणि स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. जे येईल ते पाच मिनिटं बाटलीत स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोळ्या दिसल्या तर पाणी. तपकिरी कण दिसले तर टाकीत गंज. रंग गडद आणि वास जुन्या वॉर्निशसारखा आला तर पेट्रोल शिळं. तिन्ही वेळेला टाकी रिकामी करा आणि लिटरभर ताजं पेट्रोल घाला.

स्क्रू सैल असतानाच कॉक चालू करून धार बघा. सलग बारीक धार हवी. थेंब थेंब आलं तर झाकण उघडून परत बघा. तरी थेंबच, तर कॉकची जाळी गंजाने भरली आहे.

काढलेलं पेट्रोल विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. गॅरेजवाला पार्ट धुवायला आनंदाने घेतो.

प्लग: ओला की कोरडा

एवढं करूनही गाडी चालू झाली नाही तर प्लग काढा. माझ्या मते सगळ्या तपासणीत हे एक उत्तर सर्वांत बोलकं आहे. प्लग पाना प्रत्येक जुन्या गाडीच्या टूलकिटमध्ये असतो, निदान असायचा. काढण्याआधी प्लगभोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. खात्री करायची असेल तर प्लगच्या भोकातून चमच्याच्या टोकाने पेट्रोलचे चार थेंब आत सोडा, प्लग बसवा, किक मारा. गाडी दोन सेकंद चालून बंद पडली तर ठिणगी चांगली आहे, दोष पेट्रोलच्या वाटेत. तुम्ही सरळ जेटकडे (कार्बोरेटरमधल्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्याकडे) जा.

प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. एक तर ठिणगी नाही, किंवा किका मारून इंजिन भिजवलंय. चावी आणि कॉक बंद करा, चोक काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि प्लग बाहेर ठेवूनच आठ-दहा किक मारा. आतलं जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. प्लग पुसून कोरडा करा.

काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी: फिल्टर चोंदलाय किंवा चोक अडकलाय. काळा तेलकट प्लग म्हणजे ऑइल वर येतंय, रिंगा किंवा वाल्व्ह सील झिजलेत. तो साफ केल्यावर गाडी चालेल, पण पुन्हा येईल, मनाची तयारी ठेवा.

आता ठिणगी. प्लग पुन्हा टोपीत घाला आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून शक्य तेवढं दूर. भोकावर कापड ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. हात टोपीच्या रबरावर, धातूवर नाही, आणि प्लग धातूला नीट टेकलेला हवा. तो हवेत लोंबकळत असताना किक मारली तर विजेला वाट मिळत नाही आणि ठिणगीच्या कॉइलला आणि सीडीआयला (ठिणगीची वेळ साधणाऱ्या विजेच्या डबीला) ताण बसतो. चावी चालू, एक किक. सावलीत बघा. निळसर, ‘टिक्’ आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, मध्येच गायब होणारी ठिणगी उघड्यावर दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते. तिला ठिणगी समजू नका.

कमी वाटली तर नवा प्लग लावा. शे-दीडशे रुपयांत येतो. पण नवा म्हणजे चांगलाच असं नाही, खोक्यातून काढलेला प्लग मेलेला निघालाय माझ्याकडे, म्हणून त्याचीही ठिणगी बघून मगच बसवा. जुन्या १०० सीसीला प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. बसवताना आधी बोटांनी फिरवा. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, वाकडा प्लग पान्याने रेटलात तर आटे जातात आणि दीडशेचं काम दोन हजारांवर जातं.

ठिणगीच नाही

प्लगची टोपी वायरवर आट्यांनी बसलेली असते. ती उलटी फिरवून काढा. आतल्या तांब्यावर हिरवट गंज असेल तर वायरचं टोक पाव इंच कापा आणि टोपी परत फिरवून बसवा. कोकणातल्या दमट हवेत या पाव इंचाने मी किती गाड्या चालू केल्यात याला गणती नाही. टोपीला तडा असेल तर वीज तिथूनच बाहेर उडी मारते. संध्याकाळच्या अंधारात किक मारली तर तडा निळा चमकताना दिसतो. नवी टोपी प्लगएवढ्याच पैशात येते.

मग सीटखाली आणि टाकीखाली उंदराने कुरतडलेली वायर शोधा, सीडीआयचे आणि कॉइलचे कप्लर काढून-घालून बघा. वाडीत कुणाकडे अगदी तशीच गाडी चालू असेल तर तिचा सीडीआय पाच मिनिटांसाठी मागून लावा. गाडीचं मॉडेल आणि साल जुळलं पाहिजे. अंदाजाने नवा सीडीआय विकत आणू नका, विजेचा पार्ट एकदा विकला की दुकानदार परत घेत नाही. इथपर्यंत ठिणगी आली नाही तर दोष बहुधा मॅग्नेटच्या झाकणाआड आहे आणि तिथे आपलं काम संपतं.

जेट

ठिणगी चांगली, प्लग कोरडा, पेट्रोल ताजं. किंवा गाडी चोकवरच चालते. मग स्लो जेट, म्हणजे हळू चालीला पेट्रोल देणारा जेट, बुजलाय. याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, शिळ्या पेट्रोलचा थर पहिल्यांदा इथेच बसतो. चोकवर गाडी का चालते? चोक वाढवलेल्या ओढीने दुसऱ्या वाटांनी पेट्रोल खेचतो, म्हणून. चोक काढला की ती वाट बंद, आणि हळू चालीची वाट बुजलेली.

कार्बोरेटर काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. वाटीचे स्क्रू मऊ धातूत असतात, नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर हवा. एअर स्क्रू काढायचा असेल तर आधी तो आत किती वेढे जातो ते मोजा आणि लिहून ठेवा. मी एकदा ‘लक्षात राहील’ म्हटलं आणि तो सबंध गणपती गाडी न्यूट्रलवर बंद पडत राहिली. जेट कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने आणि सायकलच्या पंपाने साफ करा. सुई किंवा कडक तार घालू नका, पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं तर गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. अगदीच नाइलाज झाला तर विजेच्या मऊ वायरीतला तांब्याचा एकच धागा. उजेडाकडे धरून आरपार गोल प्रकाश दिसला पाहिजे.

कार्बोरेटरखाली पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या (वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या तरंगत्या भागाच्या) सुईखाली कचरा अडकलाय किंवा सुई झिजलीय. हे नुसतं पेट्रोलचं नुकसान नसतं. कॉक चालू राहिला तर पेट्रोल वाटी ओसंडून सिलिंडरमध्ये आणि रिंगांमधून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि ऑइल बघायच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला.

दाब

प्लग काढून भोकावर अंगठा घट्ट धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा, चावी बंद ठेवून. अंगठा उडवला गेला पाहिजे. नुसती फुंकर लागली तर दाब नाही, आणि दाबाशिवाय कितीही चांगलं पेट्रोल पेटत नाही. चमचाभर इंजिन ऑइल भोकातून सोडून परत बघा. दाब वाढला तर रिंगा, कारण ऑइल त्यांची फट तात्पुरती भरतं. काहीच फरक नाही तर वाल्व्ह नीट बसत नाहीत. कधी टॅपेट (वाल्व्हला ढकलणारे भाग) फार घट्ट असतात, ते मिस्त्री फिलर गेजने दहा मिनिटांत जुळवतो.

इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

किक दगडासारखी अडली असेल तर. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साठलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही, जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. किंवा पिस्टन गंजून धरलाय.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्यानंतर आमच्या नात्यातल्या एकाने चिखलातून काढलेली गाडी पुसून लगेच किक मारली आणि मातीचं पाणी इंजिनभर फिरवलं. बुडालेल्या गाडीला एकही किक नाही, चावीही नाही, टेम्पोत घालून थेट गॅरेज.

ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर. त्यात पाणी आहे.

नवा प्लग, नवी टोपी, तपासलेल्या वायरी असूनही ठिणगी नसेल तर. मॅग्नेट काढायला पुलर लागतो, हातोड्याने काढायला जाऊ नका.

दाब नसेल तर. हेड उघडणं, वाल्व्ह घासणं, बोअर करणं हे अंगणातलं काम नव्हे. आणि टाकीच्या सांध्यातून पेट्रोल पाझरत असेल तर एम-सीलवर भागवू नका. अशा टाकीला घरी वेल्डिंग लावायचा विचारसुद्धा करू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा भयानक पेटते.

मिस्त्रीला फोन करताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. ‘प्लग ओला आहे, ठिणगी निळी आहे, दाब आहे’ असं सांगितलंत तर तो येताना बरोबर सामान आणतो. गणपतीच्या दिवसांत त्याच्याकडे दहा गाड्या रांगेत असतात, तुमची आधी घेईल.

परत जाताना

गौरी-गणपती विसर्जन झालं की मी कॉक बंद करून गाडी चालू ठेवतो, ती आपोआप मरेपर्यंत. मग ड्रेन स्क्रूने वाटीतले उरलेले थेंब काढतो, म्हणजे जेटमध्ये थर बसायला काही उरत नाही. टाकी मात्र गळ्यापर्यंत भरतो, कारण रिकाम्या लोखंडी टाकीला कोकणात आतून गंज धरायला एक पावसाळा पुरतो. झाकणाचं रबर दर दोन वर्षांनी नवं. बॅटरी काढून घरात. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी, आणि हँडलला चिठ्ठी: ‘मागे पिशवी आहे’.

गेली दोन वर्षं चुलतभाऊ गावीच असतो. पंधरा दिवसांतून एकदा तो गाडी मासे आणायला बाजारात नेतो. पडवीत दोन मिनिटं घरघरवून बंद करायची नाही असं त्याला बजावलंय, कारण तेवढ्यात इंजिन तापत नाही आणि जळणातून तयार होणारं पाणी सायलेन्सरमध्ये नि ऑइलमध्ये तसंच राहतं. बाजार सात किलोमीटर आहे, जाऊन-येऊन पुरतं.